अनामत

वही शंभर पानी. कव्हरवरचा डाग नंतरचा.
आडव्या ओळींत गावं, उभ्या रकान्यांत
भाडं, दूध, गॅस, नेट, दवाखाना किती लांब.
रकाने मी आखले. यशोधनने शेवटी
एकच जोडला, 'समुद्र',
आणि कुठेही न जाता सगळ्या गावांपुढे
बरोबरची खूण करून टाकली.

कामोठ्यात दीड खोलीचे सोळा हजार.
अकरा महिन्यांनी करार, कराराला दहा टक्के वाढ,
आणि मूल कधी, हा विषय
पुढच्या करारावर.

चिपळूणला मालकांनी ताजा रंग दाखवला,
पिस्ता, जमिनीपासून छतापर्यंत एकसारखा.
मी कपाटामागे डोकावले.
तिथे ब्रश पोचला नव्हता.
माझ्या खांद्याच्या उंचीवर एक गढूळ रेघ.
"नदी काय रोज येत नाही," ते म्हणाले.
भाडं इतकं कमी का, ते विचारायचं राहूनच गेलं.

मालवणात महिन्याचं विचारलं
तर त्या बाई खरोखरच गोंधळल्या.
"महिनाभर कोण राहतं?"
दर रात्रीचा होता, सुरमईचं ताट वेगळं,
आणि मे महिन्यात आम्ही कुठे जायचं
ते आमचं आम्ही बघायचं.

मग रत्नागिरी. राजिवड्याच्या उतारावर
शमीम फणसोपकरांचं घर,
उघडा चिरा, गिलावा फक्त आतून.
वरच्या खोलीची किल्ली दोनदा अडली.
"खारी हवा. कुलूप दर वर्षी नवं लागतं.
तो खर्च तुमचा."
मी वहीत लिहिलं: कुलूप.

खिडकीतून होड्या, कुणाचं तरी वाळत घातलेलं जाळं,
बोंबलांचा वास, आणि खाडी.
समुद्र मान वाकडी केली तर.
यशोधनने केली, बराच वेळ केली,
मग आधीची खूण खोडून
अर्धीच परत काढली.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
गुडघ्यापासून थेट यशोधनच्या कानापर्यंत,
प्रत्येकीपुढे तारीख, एका ठिकाणी नुसतं 'ईद'.
"मुलाची खोली ही. तो असतो आता तुमच्याच बाजूला.
कामोठे म्हणून आहे. माहितीये?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.
सेक्टर विचारला.
आमच्या दूधवाल्याच्या समोरची इमारत.

"साडेपाच हजार. अनामत तीन महिन्यांची.
कमी करा म्हणू नका," त्या आधीच म्हणाल्या,
"मी हे ठेवत नाही. तसेच त्याला पाठवते.
तिकडे भागत नाही त्याचं."

म्हणजे आमचे पैसे
दर पाच तारखेला कशेडी चढून
आम्ही सोडलेल्या गल्लीत जाणार,
तिथे कुणाच्या तरी दहा टक्क्यांत भर पडणार.
यशोधन आधी हसला. मग मी.
त्यांना वाटलं, भाडं पटलं.

चहा आला, नानखटाई आली.
आम्ही पाण्याचं विचारणार होतो, विजेचं, नेटचं.
त्यांनीच विचारलं:
टँकर किती वाजता येतो? रात्री औषध मिळतं का?
फोनवर तो सगळं 'बरं आहे' म्हणतो,
खरंच बरं आहे का?
आम्ही सांगत राहिलो. कोपऱ्यावरचा पाव
सहाला गरम मिळतो, हे सुद्धा.
वही मिटलेली होती, कधी मिटली कळलं नाही.

निघताना म्हणाल्या, "रंग द्या हवा तर. हवा तो द्या.
फक्त चौकट सोडून."
आणि सामान आणायला जाणारच आहात तर
हा डबा त्याला द्याल? कोलंबीचं लोणचं आहे,
उलटा धरू नका.

एस.टी.त डबा माझ्या मांडीवर, वही डब्याखाली.
हातखंब्याला मी साडेसोळा हजार लिहिले,
त्याखाली: चौकट.
संगमेश्वरच्या पुढे कधीतरी
तेल झिरपायला लागलं.